विसरून खाल्लेला आलू

मला घरात कोणी जेवताना पाहिलेलं नाही. म्हणजे ताट वाढून घेतलंय, मांडी घालून बसलेय आणि पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत जेवतेय, असं. आणि मला नुसतं पाहून ही बाई जेवत नसेल असंही कोणी म्हणणार नाही. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालायचा, हे आमच्याकडे येणाऱ्या पाहुण्यांना कळत नाही. आमचे हे मात्र एका वाक्यात घालून देतात.

"हिचं जेवन गॅसजवळच होऊन जाते."

खरं आहे ते. माझी लेकरं लहान होती तेव्हापासून ही खोड आहे. आता त्यांची लेकरं आली, खोड तीच. सून राजुऱ्याला दवाखान्यात नर्स आहे, सकाळच्या बसने जाते. मुलगा कामापायी आठवड्यातले पाच दिवस बाहेरगावी. तेव्हा आठ वर्षांची नात आणि चार वर्षांचा नातू यांचं खाणंपिणं माझ्याकडे. नातवाला पोळी गोल लागते. पोळी गोलच असते म्हणा, पण त्याला वाटी दाबून कापलेली छोटी गोल लागते. मग वाटीबाहेरची कड उरते. नातीला केळ्याचं टोक चालत नाही, अंड्यातला पिवळा चालत नाही, पापडाचा जळका कोपरा चालत नाही. शेंगदाणे भाजले की ते नीट भाजले का हे पाहावं लागतं, आणि एका दाण्यावरून कढईभर दाण्यांबद्दल मत बनवणं माझ्या स्वभावात नाही. या सगळ्या कडा, टोकं, कोपरे कुठे जायचे हे मला विचाराल तर मला माहीत नव्हतं. मी खात नव्हते. माझा हात खायचा. मी त्या वेळी दूध उतू जातंय का बघत असायची, नाहीतर धाकट्याचा दुसरा मोजा शोधत असायची.

अकरा महिने याचं कोणाला काही नव्हतं. अडचण बाराव्याची होती.

रमजानात लहान लेकरांना रोजा नसतो. त्यांना दुपारी बाराला भूक लागते, आणि ती गरमच लागते. तेव्हा पहाटेपासून पाण्याचा थेंब न घेतलेली मी रोज दुपारी गॅससमोर उभी, समोर कढई, कढईत काहीतरी चुरचुरतंय. हाताला महिना कोणता ते कळत नाही. पहिल्या रोज्यालाच तो कढईकडे जायचा.

पण आमच्यात एक मोठी सवलत आहे. रोजा आहे हे विसरून कोणी काही खाल्लं-प्यायलं तर रोजा तुटत नाही. आठवलं की तिथेच थांबायचं, तोंडातलं थुंकायचं, चूळ भरायची, रोजा पुढे चालू. जे पोटात गेलं ते वरच्यानेच खाऊ घातलं असं समजायचं. लहानपणी मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला ते फार मायेचं वाटलं होतं. मोठेपणी मला ते सोयीचं वाटायला लागलं.

"बाकीच्यायले तो सालातून एखाद्या वेळी चारते," हे म्हणायचे. "तुले त खानावळच लावून देल्ली."

मी म्हणायची, "मी का मुद्दाम खातो काय? मले आठवनच राह्यत नाई."

"कशी राहीन. आठवन ठेवली त उपाशी मराचं काम हाय."

असं आमचं वर्षानुवर्षं चालायचं आणि त्यात कोणाचं काही अडत नव्हतं. यंदा अडलं, कारण यंदा नातीने पहिला रोजा धरायचं ठरवलं.

लेकराचा पहिला रोजा म्हणजे आमच्याकडे छोटंसं लग्नच. नवे कपडे, हातावर मेंदी, संध्याकाळी रोजा सोडायच्या वेळी गळ्यात हार, गल्लीतली चार घरं, आणि नातीची नानी खास अहेरीहून बसने येणार. कोणी जबरदस्ती केली नव्हती. वर्गातल्या मैत्रिणीने मागच्या वर्षी धरला म्हणून हिलाही धरायचा होता. सुनेने डोक्यावरून हात फिरवून सांगितलं, नाही झालं तर सोडून दे, पुढच्या वर्षी धर. नात म्हणाली, मी नाई सोडत. मग सून माझ्याकडे वळली. त्या दिवशी शाळेला सुट्टी होती, सुनेला नव्हती.

"अम्मी, ते दिवसभर तुमच्यापाशीच राहीन," ती म्हणाली. "तिचं ध्यान ठेवा. अन्..." इथे ती थांबली. सुना जिथे थांबतात तिथेच खरं बोलणं असतं. "अन् तुमी बी थोडं ध्यानात ठेवजा. ते तुमच्याकडे पाहूनच शिकन."

मला राग आला. मग मी तो वाटीतल्या बुंदीबरोबर गिळला. ही रमजानच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट आहे म्हणून सांगते.

त्याच दिवशी मी कंबर कसली. चार दिवस हातात होते. पहिल्या दिवशी ओढणी नाकातोंडावरून गच्च बांधून स्वयंपाक केला. हे कूलरच्या दुकानातून पाणी प्यायला घरी आले, दारातच थबकले आणि म्हणाले, "जे काय हाय ते घेऊन जा बाई, मारू नको." ओढणीचा फायदा झाला नाही. हात खालून शिरायचा. दुसऱ्या दिवशी तोंडात दात घासायची मिसवाकची काडी धरली, म्हणजे तोंड भरलेलं राहील. नातवाला ती काडी हवी झाली. त्याला दुसरी दिली तर त्याने तिच्याने भिंत घासली. माझी काडी तोंडातून कधी निघाली आणि तिच्या जागी गाजर कधी आलं, ते मला गाजर अर्धं झाल्यावर कळलं. तिसऱ्या दिवशी यांनी उपाय सुचवला.

"जंगलखात्यात माही वळख हाय. वाघासाठी झाडाले कॅमेरा बांधते ना, तसा एक आनतो. गॅसच्या वर ठोकू. हात आला का फोटो."

"आना," मी म्हणाले.

"पन फुकट जाईन तो. वाघ एकदा जेवला का चार-पाच दिवस येत नाई. तुह्या फोटोनं त कॅमेरा दुपारपर्यंतच भरन."

चौथ्या दिवशी मी काहीच केलं नाही. म्हटलं, आपण पन्नाशीची बाई, एक दिवस लक्षात ठेवायला काय लागतं.

रमजानचा पहिला दिवस उजाडला. पहाटे नातीने दोन पराठे, एक वाटी शेवया आणि अजान सुरू होईपर्यंत जेवढं मावेल तेवढं पाणी घेतलं. उठून चालली तर पोटात आवाज येत होता. सकाळ छान गेली. मेंदी पाहून झाली, हात हुंगून झाले, नवा ड्रेस दोनदा घालून दोनदा काढून झाला. मार्चच असला तरी चंद्रपुरातलं ऊन कॅलेंडर पाहून येत नाही. अकरापर्यंत पत्रे तापले. मी दिवाणखान्यातला कूलर लावला आणि तिला त्याच्यासमोर बसवलं. बाराला नातू "दादी भूक" म्हणत आला.

मी त्याच्यासाठी वरणभात लावला आणि आलूचे काप तळायला घेतले. पातळ, गोल, हळद-मीठ लावलेले. त्याला तेवढेच आवडतात. कढईचा आवाज ऐकून नात कूलर सोडून स्वयंपाकघरात आली आणि पिठाच्या डब्यावर बसली.

"वासानं रोजा तुटते काय, दादी?"

"नाई."

"लांब श्वास घेतला त?"

"तरी नाई."

मग ती डोळे मिटून लांब श्वास घेत बसली. तिचं मन रमावं म्हणून मी तिला तिच्या अब्बाच्या पहिल्या रोज्याची गोष्ट सांगायला लागले. नऊ वर्षांचा होता. त्या दिवशी तीनदा आंघोळीला गेला. तिन्ही वेळा ओल्या केसांनी आणि फार समाधानी चेहऱ्याने बाहेर आला.

"न्हानीत पानी पेले काय ते?"

"ते तू त्याले इचार."

ती हसली. मी पण रंगात आले. गोष्ट सांगताना माझं तोंड चालतं आणि तोंड चालतं तेव्हा हात मोकळा असतो. मी झाऱ्याने काप काढत होते, निथळून ताटलीत ठेवत होते, आणि तिच्या अब्बाने चौथ्यांदा टॉवेल मागितला तेव्हा माझ्या सासूबाई काय म्हणाल्या ते सांगत होते. मध्येच समोरचं हसणं थांबलं.

"दादी, तुमी काय खाऊन राह्यल्या?"

तोंडात आलू होता. मी तो कधी टाकला, विचारू नका. मला खरंच माहीत नाही. पण या क्षणापासून पुढचं मला सगळं माहीत आहे, आणि तेच सांगायला मी हे लिहायला बसले. आलू गरम होता. कडेला कुरकुरीत, मध्ये मऊ, मीठ नेमकं लागलेलं. अर्धा चावून झाला होता. मोरी दोन पावलांवर होती. मला आठवलं होतं. पूर्ण आठवलं होतं. रोजा, तिचा रोजा, सुनेचं बोलणं, सगळं. आणि मी तो गिळला.

गिळून झाल्यावर मी कपाळाला हात लावला.

"अगं माय, भुलली ना मी."

"मंग तुमचा रोजा तुटला?"

"नाई बेटा. भुलून खाल्लं त तुटत नाई. अल्लानं चारलं समजाचं."

ती विचारात पडली. आठ वर्षांचं लेकरू, सकाळच्या पाण्याचा पोटातला आवाज केव्हाच थांबलेला, ओठ सुकलेले. ताटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"दादी, मंग मी बी भुलू काय?"

"असं ठरवून नाई भुलता येत."

"तुमाले कसं येते?"

मी कढईखालचा गॅस बारीक केला. 

"मले शिकवा ना," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात लबाडी नव्हती. पाढा शिकवा म्हणते तसंच म्हणाली. "मी तिकडं भिंतीकडे पाह्यतो. तुमी मले गोष्ट सांगा. ताटली माह्या हातापाशी ठेवा. मंग मी भुलून जाईन."

आणि ती खरंच भिंतीकडे तोंड करून बसली. मेंदी लावलेला एक हात मागे, माझ्या बाजूने, उघडा ठेवून.

मी पुष्कळ गोष्टी सांगितल्या आहेत आयुष्यात. सुनेला सांगितलं की दूध मांजरीने प्यायलं. यांना सांगितलं की डॉक्टरने वजन हाडांचं आहे म्हटलं. पण त्या उघड्या हातापुढे मला एकही गोष्ट सुचेना. तिने तो रोजा आपल्या हौसेने धरला होता. तो आता माझ्या एका आलूच्या कापावर अडला होता. अजून दोन मिनिटं मी गप्प राहिले असते तर तिने काप उचलला असता, आणि भुलली म्हणाली असती, आणि मी मान डोलावली असती.

"इकडं पाय," मी म्हणाले. "मी भुलली नोती."

ती वळली.

"तोंडात टाकला तवा भुलली होती. गिळला तवा आठवन होती. तू इचारलं ना, तवाच आठवलं. थुंकाचा होता. नाई थुंकला."

"काऊन?"

"चांगला लागला."

हे तिला पटलं. तिने मान हलवली. मग एकदम तिचे डोळे मोठे झाले.

"म्हनजे तुटला तुमचा."

"तुटला."

"मंग आता तुमी जेवान?"

"नाई. तुटला तरी शामपर्यंत काई खाता येत नाई. अन् ईदीनंतर याच्या बदल्यात एक धराचा."

"म्हनजे उपाशी बी राह्याचं अन् रोजा बी नाई?"

"हो."

तिच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल एवढी दया मी आजवर पाहिली नव्हती. माझ्या ऑपरेशनच्या वेळीसुद्धा नाही. ती डब्यावरून उठली, फळीवरची स्टीलची वाटी घेतली आणि माझ्या हातापाशी आणून ठेवली.

"तुमचा हात काई ऐकत नाई," ती म्हणाली. "त त्यानं जे उचललं ते यात टाकाचं. मी पाह्यतो."

त्या दुपारी मी तिच्या पहाऱ्यात स्वयंपाक केला. नातवाला भरवताना पापडाचा तुकडा उचलला, "वाटीत." त्याने अर्धवट चावून परत केलेला काप उचलला, "दादी, छी, पन वाटीत." मग संध्याकाळचं सुरू झालं. चणे, भजी, दहीवडे, फळं कापणं. टरबुजाची फोड, भज्याचा गळून पडलेला चुरा, डाळीचा चिमटा, खजुराची बी काढताना चिकटलेला गर. दर वेळी हात अर्ध्या वाटेत थांबायचा, कारण डब्यावरून कोणीतरी खाकरायचं. चारच्या आत वाटी भरली. तिने दुसरी आणली.

साडेचारला ती कोमेजली. पहारा सोडून दिवाणखान्यात गेली आणि कूलरसमोर गार फरशीवर आडवी झाली. मी तिच्या शेजारी जाऊन पडले, कारण तिच्यावर लक्ष ठेवायचं होतं आणि कारण मला उभं राहवत नव्हतं. डोकं ठणकत होतं. जीभ टाळूला चिकटली होती. पाय कोणी दुसऱ्याचे आणून जोडल्यासारखे वाटत होते.

"सोडते काय बेटा?" मी विचारलं. "तुह्या अम्मीनं सांगतलं हाय, नाई झालं त सोडून दे."

"नाई." ती माझ्याकडे कुशीवर वळली. मग म्हणाली, "दादी, तुमाले बी दरवर्षी असंच होते काय?"

छताचा पंखा फिरत होता. आज एकदा खरं बोलून झालं होतं, दुसऱ्यांदा थोडं सोपं गेलं.

"नाई बेटा. पहिल्यांदाच होऊन राह्यलं."

ती खुदकन हसली. मग आम्ही दोघी, आठ वर्षांची एक आणि पन्नास वर्षांची एक, पहिला रोजा धरलेल्या, पडून राहिलो. नातू येऊन आमच्या दोघींच्या पोटांवरून एकदा चालत गेला.

अजानच्या आधी घर भरलं. सून बसमधून उतरून धावतच आली. तिने आधी लेकीचा चेहरा पाहिला, मग माझा, आणि का कोण जाणे, माझीच जास्त काळजी करत पाणी जवळ आणून ठेवलं. अहेरीची नानी हार घेऊन आली होती. नात हार घालून, खजूर हातात धरून, राणीसारखी मधोमध बसली. अजान झाली. तिने खजूर तोंडात टाकला, पाणी घेतलं, आणि सगळ्या बाया एकदम तिच्या हातात पैसे ठेवायला नि गालांना हात लावायला लागल्या. तिचा रोजा झाला होता. माझ्याच डोळ्यांना पाणी आलं, आणि बाकीच्यांना वाटलं मी हळवी आहे.

मग नानीची नजर वाट्यांवर गेली.

"बाई, हे काऊन बाजूले काढून ठेवलं?"

 नातीने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"ते दादीचं हाय," ती म्हणाली. "दादीले तसंच आवडते."

नानीने दोन्ही वाट्यांमधला तो डोंगर पाहिला. कड, टोक, चुरा, सादळलेला पापड, गार आलू, वरून टरबुजाचं पाणी सुटलेलं. "एवढं?" ती हळूच म्हणाली, आणि त्यानंतर सगळा वेळ माझ्याशी फार सांभाळून बोलली. मीही तो डोंगर पाहिला. रोज दुपारी माझ्या नकळत हे सगळं माझ्यात जात होतं. त्यातला पाव हिस्साही त्या संध्याकाळी मला बघवला नाही.

चण्यांत मीठ नव्हतं. पाहुण्यांनी सभ्यपणे खाल्ले. यांनी दोन चणे चावले, माझ्याकडे पाहिलं आणि फक्त "हं" म्हणाले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी न चाखता वाढलं होतं, हे त्यांना कळलं.  मीठ आणून फिरवलं.

ती वाटी फळीवर परत गेलीच नाही. पुढचे सगळे रोजे ती गॅसशेजारी होती. पहिले काही दिवस भरायची. मग अर्धी. हाताला कंटाळा आला असावा. उचलून परत टाकून देण्याच्या कामात कोणाचाही हात किती दिवस रमेल. रमजानच्या शेवटी दोन-तीन तुकडे असायचे, ते नातू येऊन खायचा. खोड गेली म्हणणार नाही. ती दाराशी बसून आहे, पण विचारल्याशिवाय आत येत नाही.

ईद झाली. नातीने ईदीच्या तिसऱ्या दिवसापासून विचारायला सुरुवात केली, कानात, "तुमचा तो कधी?" मी पाहुणे सांगितले, ऊन सांगितलं, गुडघा सांगितला. ती दर वेळी "बरं" म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी परत विचारायची. शेवटी एका सोमवारी धरला. पाळीत सुटलेले रोजे बाया ईदीनंतर भरून काढतात, पण या वयात मला बदल्याचा रोजा धरायला ते कारण उरलेलं नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक. बसला निघायच्या आधी सून दोनदा काही विचारायला आली आणि न विचारता गेली. दुपारी मी दोघांसाठी आलूचे काप तळले. नात शाळेतून येऊन पोटभर जेवली, माझ्यासमोर, चवीने, एकेक काप दाखवून. मी पाहत राहिले. एकटीचा रोजा फार लांब असतो. आजूबाजूला कोणी उपाशी नसतं.

संध्याकाळी हार नव्हता, पाहुणे नव्हते. यांच्या दुकानात कूलरची गर्दी, सून अजून बसमध्ये. मी चटईवर एक खजूर आणि पाण्याचा गिलास घेऊन बसले. नात वही खाली ठेवून समोर येऊन बसली. अजान झाली. मी खजूर तोंडात टाकला, सावकाश चावला. ती माझ्या जबड्याकडे टक लावून पाहत होती. मी गिळल्यावर तिने "झालं?" म्हणून भुवया उंचावल्या. मी मान हलवली. मग ती उठली आणि वही उघडून उरलेली गणितं सोडवायला बसली.